वाचक विचारतात : चंदेरी रंग आणि त्याच्या खालचा काळा

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 नं वायुसेनेचा निरोप घेतला. तेव्हापासून मला येणाऱ्या पत्रांतली निम्मी तरी चंदेरी मिगच्या प्लास्टिक मॉडेलबद्दल असतात. पोरं, बापे, निवृत्त माणसं, सगळ्यांना ते एक विमान कपाटात हवं आहे आणि सगळ्यांचं घोडं रंगापाशीच अडलंय. म्हणून या वेळचं सदर पूर्ण चंदेरी रंगाला दिलं आहे.

माझ्यासाठी हा घरचाच विषय. माझे बाबा नाशिकजवळच्या ओझरला, विमान कारखान्यात पत्र्याच्या कामावर होते. मिग-21 इथे बांधायची म्हणून 1964 साली तो कारखाना उभा राहिला आणि सुरुवातीची 'एफएल' प्रकारची विमानं त्यातून बाहेर पडली ती उघड्या चंदेरी अंगानं. हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे त्यांच्यावर चढले ते 1971 च्या युद्धाच्या सुमारास. आठ वर्षांची मी टाउनशिपच्या गच्चीवर उभी राहून पाहायची. विमान वळलं की एक क्षण उन्हाचा लोळ अंगावर यायचा आणि डोळे मिटायचे. तो लोळ हाताएवढ्या प्लास्टिकच्या विमानावर आणायचा माझा प्रयत्न पंचवीस वर्षं चालू आहे.

बाई, मी अकरावीत आहे. 1:72 चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मिग-21 एफएल जोडलं. राखाडी प्रायमरवर तामिया कंपनीचा एक्स-11 क्रोम सिल्व्हर एअरब्रशनं (हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या पेनानं) मारला. नोझल 0.3, दाब 25 पीएसआय. विमान धातूचं न वाटता सोसायटीच्या गेटसारखं दिसतंय. तीन हात झाले. अजून किती देऊ?
*विद्यार्थी, कोल्हापूर*

एकही देऊ नकोस. चौथ्या हातानं ते आणखी गेटसारखं दिसेल.

तुझ्या आजीला विचार, दारावर कल्हईवाला यायचा तेव्हा तो सगळ्यात जास्त वेळ कशात घालवायचा. कथील लावायला त्याला दोन मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. भांडं घासण्यात, भट्टीवर तापवण्यात, नवसागर टाकून साफ करण्यात त्याचा वेळ जायचा. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एकदा फिरवलं की भांडं आतून लख्ख. भांडं नीट घासलेलं नसेल तर कितीही कथील ओता, कल्हई धरत नाही. धातूचा रंग म्हणजे प्लास्टिकवरची कल्हईच आहे. तुझी सगळी मेहनत वरच्या थरावर झाली आणि भांडं घासायचं राहिलं.

आता तो रंग म्हणजे काय ते बघ. धातूच्या अतिशय बारीक, चपट्या कपच्या पातळ द्रवात तरंगत असतात. त्या सगळ्या आडव्या, एकमेकींशेजारी निजल्या तर आरसा होतो. उभ्या-आडव्या, वेड्यावाकड्या पडल्या तर राख होते. 25 पीएसआयवर तुझा रंग हवेतच अर्धा वाळतो आणि कपच्या विमानावर कोरड्या धुळीसारख्या बसतात. वर जाड हात दिलास की खालच्यांना आडवं व्हायला जागाच उरत नाही. शिवाय मापाचा हिशेब आहे. कपची 20 मायक्रॉनची धरली तर 1:72 मध्ये ती जवळजवळ दीड मिलिमीटरची होते. खऱ्या विमानाच्या पत्र्यावर दीड मिलिमीटरचे चमचमणारे खडे कुणी पाहिलेत का? तुझ्या विमानावरचा 'गेट' म्हणजे हे खडे. म्हणून रंगही बारीक कपच्यांचा लागतो. एक्स-11 चाकाच्या दांड्याला, छोट्या भागाला चालतो, पूर्ण विमानाला नाही. अल्क्लॅड, व्हॅलेहोचा मेटल कलर, मिस्टर कलरचा सुपर मेटॅलिक, यातलं जे मिळेल ते घे.

आधी आहे तो रंग उतरव. मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात घासायचा पॉलिश पेपर, घे. 1000, 2000, पुढे 4000 आणि 8000, पाणी लावून. जोडाच्या रेषा नख फिरवून तपास, कारण डोळा फसवतो पण नख फसत नाही. त्यावर चकचकीत काळा. तामियाचा एक्स-1 लेव्हलिंग थिनरमध्ये दुधाइतका पातळ करून मारलास तर तो स्वतःच पसरून काचेसारखा होतो. पहिला हात धुक्यासारखा, दुसरा ओला. ओला म्हणजे ओघळायच्या एक पाऊल अलीकडे. मग झाकून ठेव आणि निदान एक दिवस हात लावू नकोस. इनॅमल काळा वापरलास तर आठवडा. काळा आतून कच्चा असताना वर लॅकर, म्हणजे भराभर उडणाऱ्या थिनरमधला रंग, मारलास तर वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखी जाळी पडते. माझ्या दोन विमानांना ती पडली आहे आणि ती दोन्ही मला मुळापासून पुन्हा रंगवावी लागली.

वाळल्यावर काळ्यात खिडकीची चौकट बघ. गज सरळ दिसले तर पुढे जा. वाकडे, थरथरते दिसले तर परत वॉटर पेपर. काळ्यात जे दिसेल तेच चंदेरीत दिसणार, दुप्पट दिसणार.

आणि मग रंग. दाब 12 ते 15 पीएसआय, ट्रिगर दाबून हवा चालू असताना मोजलेला. अंतर पाच ते सात सेंटिमीटर. हात सतत चालता हवा. पहिल्या फेरीत काळा फक्त धुरकट होतो आणि काहीच घडत नाहीये असं वाटतं. तिथेच सगळे घाबरतात आणि जास्त रंग सोडतात. तू सोडू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत काळ्यातून हळूच पत्रा वर येतो. तो आला की थांब. खालचा काळा किंचित जाणवत असतानाच थांबायचं, कारण खोली त्या काळ्यानंच येते. मिगचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 7.15 मीटर, म्हणजे तुझ्या हातातला जेमतेम 10 सेंटिमीटर. त्याला रंग किती लागणार? कपात दहा-बारा थेंब पुरतात. मध्येमध्ये काडीनं ढवळ, कपच्या तळाला बसतात.

हे सगळं आधी आइसक्रीमच्या प्लास्टिक चमच्यांवर कर. पाच चमचे वाया गेले तरी तुझं काही जात नाही.

एक छटा जमली की दुसरी गोष्ट. उघडं विमान एका रंगाचं नसतं. बाबांचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, जेवणाचा डबा माझ्या टेबलावर असतो, चार कप्प्यांचा. चारही कप्पे एकाच दिवशी, एकाच दुकानातून आले होते. आज खालचा, वरणाचा कप्पा जवळजवळ शिशाच्या रंगाचा आहे, कारण तो रोज चुलीवर ठेवून गरम व्हायचा. भाताचा पांढुरका. झाकणावर बाबांचा अंगठा जिथे बसायचा तिथे रुपयाएवढी जागा अजून आरशासारखी आहे आणि तिच्या कडेनं घासणीचे गोल ओरखडे. कडी वेगळ्या धातूची, म्हणून ती निळसर. मी विमान रंगवायला बसले की डबा खिडकीत ठेवते आणि कोणता पत्रा कोणत्या कप्प्यासारखा ते ठरवते. मिगवर मुख्य अंगाला अॅल्युमिनियम, दोन-चार झाकणांना ड्युरॅल्युमिनियम, शेपटीकडे गडद अॅल्युमिनियम. फरक एवढाच ठेव की उजेडात फिरवल्यावर दिसेल आणि समोरून पाहताना दिसणार नाही. बुद्धिबळाचा पट करू नकोस. नाकाचा शंकू आणि उभ्या शेपटीचं वरचं टोक मात्र धातूचं नाही, त्याला वेगळा रंग आहे. तुला जे विमान करायचंय त्याचाच फोटो समोर ठेव.

जुलैत अॅल्युमिनियम लॅकर मारला. दहा मिनिटांत वर पांढुरकी साय आली. रंग खराब निघाला म्हणून नवी बाटली आणली, तिचंही तेच. आता काय करू?
*बँक कर्मचारी, रत्नागिरी*

बाटल्या दोन्ही चांगल्या आहेत, टाकू नका. दोष तुमच्या जुलैचा आहे.

फ्रिजमधून बाटली काढली की तिला घाम येतो ना, तसंच. लॅकरमधला थिनर भराभर उडतो आणि उडताना रंगाचा पृष्ठभाग थंड करतो. कोकणातल्या पावसाळी हवेतलं पाणी त्या थंड पृष्ठभागावर दव होऊन बसतं आणि रंगात अडकतं. ती तुमची साय. काळ्या हातावर ती आली असेल तर लेव्हलिंग थिनरचा नुसता हलका फवारा द्या. वरचा थर पुन्हा मऊ होतो, पाणी निघून जातं आणि काळा परत काळा होतो. चंदेरीवर आली असेल तर हा उपाय करू नका, कपच्या हलतात आणि डाग पडतात. तिथे काळ्यापासून पुन्हा सुरुवात.

पुढच्या वेळी थिनर सावकाश वाळणारा घ्या. शंभर-दोनशे रुपयांत आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ मिळतं, ते टेबलावर ठेवा. 70 टक्क्यांच्या वर काटा असेल तर मी एअरब्रश हातात घेत नाही, मग विमान कितीही तयार असो. त्या दिवसांत जोडकाम करायचं, वॉटर पेपर मारायचा. मारायचंच असेल तर ज्या खोलीत तासभर एसी चालला आहे तिथे मारा. कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा नळ रोज सोडा. पावसात माझ्या टाकीतून वाटीभर पाणी निघालं आहे. नळीवरचा पाणी अडवणारा काचेचा कपही बघत जा. त्याच्यातून सुटलेला एक थेंब चंदेरीवर पडला की तिथे कायमचं वर्तुळ.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर मिसळता. ते लगेच बंद करा. एअरब्रश धुवायला ठीक, पण ते प्लास्टिक खातं. मलाही एका दुकानात "सगळं थिनर एकच असतं हो" म्हणून तेच दिलं होतं आणि सकाळी माझ्या विमानाचा पंख उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा झुकला होता. तीन महिन्यांचं काम होतं.

आणि खिडकी उघडी ठेवून, कोळशाची डबी असलेला मास्क लावून बसा. कापडी मास्कनं लॅकरची वाफ अडत नाही. शेजारच्या खोलीत समई किंवा गॅस पेटलेला असताना लॅकर अजिबात मारू नका. हे मी हात जोडून सांगते.

छटांसाठी टेप लावली. काढताना चंदेरी रंग टेपबरोबर निघून आला, काळ्यासकट.
*सॉफ्टवेअर अभियंता, पुणे*

काळ्यासकट आला म्हणजे मूळ चूक प्लास्टिकवरच आहे. जोडताना हाताचं तेल लागतं आणि साच्याचा तेलकटपणा असतोच. भांडी घासायच्या साबणानं, कोमट पाण्यानं विमान धुवा, पुसू नका, तसंच वाळू द्या. त्यानंतर हातमोजे. टेपचा दोष नंतरचा. तामियाची पिवळी टेप घ्या आणि लावायच्या आधी तळहाताच्या मागच्या बाजूला दोन-तीनदा चिकटवून काढा, म्हणजे तिचा जोर कमी होतो. चंदेरीला दोन दिवस वाळू द्या. टेप लावली की त्याच बैठकीत काढा, रात्रभर ठेवू नका. काढताना वर ओढायची नाही. टेप स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटत, सावकाश मागे न्यायची.

वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारू का, असंही विचारलंय. शक्यतो नको. क्लिअरनं आरसा राखाडी होतो. स्टिकर लावल्यावर फक्त त्यांच्यापुरता पाण्यातला क्लिअर द्या.

डेटनच्या विमान संग्रहालयात मी मस्टँग पाहिलं, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी लढाऊ विमान. घरी त्याचंच पी-51डी मॉडेल करतोय. पंखसुद्धा आरशासारखे करू ना? मुलगी पण सोबत बसते, ती नऊ वर्षांची आहे.
*वाचक, ओहायो*

पंख करू नका! मस्टँगची हीच गंमत आहे. त्याच्या पंखाचा आकार असा निवडला होता की हवा त्याच्यावरून थरथर न करता जास्तीत जास्त लांब सरकावी. त्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत हवा, रिवेटचं डोकंसुद्धा नको. म्हणून कारखान्यातच पंखाच्या सांध्यांत आणि रिवेटांवर लांबी (पुटी) भरून, घासून, वर चंदेरी रंग मारत. धड मात्र उघडा पत्रा. म्हणजे युद्धातल्या मस्टँगचं धड धातूचं आणि पंख *धातूच्या रंगाचे*. आज उडणारी कितीतरी मस्टँग मालकांनी पंखांसकट घासून चमकवलेली असतात, त्यामुळे डोळ्याला तीच सवय होते.

तुम्हाला हे फार सोपं पडेल. धडाला काळा पाया आणि पॉलिश्ड अॅल्युमिनियम. पंखांच्या कोरलेल्या रेषा पुटीनं भरून टाका, राखाडी प्रायमर द्या आणि वर साधा, मंद चंदेरी. तामियाचा एलपी-11 चालेल. कोल्हापूरच्या मुलाला मी ज्यासाठी रागावले, नेमकं तेच तुम्ही पंखावर करायचं आहे.

अल्क्लॅड हे नाव मुळात रंगाचं नाहीच, हे मुलीला जरूर सांगा. ड्युरॅल्युमिन हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू मजबूत, पण त्याला गंज लवकर धरतो. म्हणून त्याच्या पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा चढवत, त्या पत्र्याचं नाव अल्क्लॅड. विमानाचं चमकणारं अंग म्हणजे तो पापुद्रा. तिला फवारा मारू देऊ नका, चमचे मात्र तिलाच रंगवू द्या, पाण्यातल्या रंगानं.

आमचा गणपतीचा कारखाना आहे. मुकुटाला स्प्रेनं सोनेरी मारतो, तो मोहरीच्या रंगासारखा पिवळट दिसतो. तुमची काळ्याची युक्ती इथे चालेल का?
*मूर्तिकार, पेण*

चालेल, पण सोनं काळ्यावर थंड दिसतं. बाप्पाच्या मुकुटाला ऊब हवी. सोन्याचा वर्ख चढवणारे कारागीर वर्खाखाली तांबडी माती देतात, आपल्या गेरूच्या जातीची. तुम्ही पांढऱ्यावर मारताय, म्हणून पिवळट. गेरूपेक्षा थोडा गडद, विटकरी रंग चकचकीत करून घ्या आणि त्यावर सोनेरीचे दोन पातळ हात. दागिन्यांच्या खाचांत विटकरी किंचित राहू द्या, नक्षी आपोआप उठेल.

सोनेरी रंग बघून घ्या. पितळेच्या चुऱ्याचा असेल तर काही महिन्यांत काळपट-हिरवट पडतो, अभ्रकाचा असेल तर पडत नाही. आणि ज्या मूर्तीचं विसर्जन व्हायचंय तिच्यावर लॅकर नको. पाण्यातला अभ्रकी सोनेरीच वापरा, चमक थोडी कमी पडली तरी.

ताई, ओझरहून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नातवानं मिग आणून दिलंय. शेपटीकडचा पत्रा तापून जो रंग यायचा तो मला आठवतो पण जमत नाही. काळा मारला तर जळाल्यासारखं दिसतं. तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो, मागच्या धडाच्या सांध्यावर आम्ही एकाच पाळीत होतो.
*निवृत्त कामगार, नाशिक*

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तापलेल्या धातूचा रंग काजळी नसते, म्हणून काळ्यानं जळकं दिसतं. स्टीलचं रिकामं पातेलं गॅसवर विसरलं की तळाला जे येतं ते. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि सगळ्यात तापलेल्या जागी निळा. हा क्रम कधी उलटत नाही. शेपटीच्या अगदी टोकाला निळा ठेवा आणि पुढे येत येत पिवळ्यात विरवा. आधी गडद अॅल्युमिनियमचा हात. मग पारदर्शक रंग, तामियाचे क्लिअर ऑरेंज एक्स-26 आणि क्लिअर ब्लू एक्स-23, नव्वद टक्के थिनर आणि दहा टक्के रंग. दोन्ही जिथे एकावर एक येतील तिथे तपकिरी आपोआप होतो, जांभळटासाठी निळ्याच्या कडेला क्लिअर रेड एक्स-27 चा किंचित हात द्या. दाब 10 पीएसआय, नोझल जवळ, बोटभर अंतरावर. एका फेरीत दिसलं तर जास्त झालं, चार फेऱ्यांत दिसलं तर बरोबर. शेवटी एक्स-19 स्मोक अगदी कडेला.

पण काका, तुम्ही ते पत्रे हातानं बसवलेत, मी फक्त गच्चीवरून पाहिलेत. इंजिन काढायला मागचं धड जिथे सुटायचं, त्या सांध्याच्या पुढचा पत्रा आणि मागचा पत्रा एका रंगाचा होता का? फोटोंत काहीत फरक दिसतो, काहीत दिसत नाही. बाबांना हे विचारायचं राहून गेलं. तुम्ही शेपटी रंगवायच्या आधी मी एका रविवारी येते, डबा घेऊन. सांध्याच्या मागचा पत्रा कोणत्या कप्प्याशी जुळतो ते तुम्ही उजेडात धरून सांगा, छटा मी कालवून देते.